टेपचे दुसरे टोक

दौंडहून रूथचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्रातली एक चूक लाल पेनाने दुरुस्त करत बसलो होतो. घोड नदीवरच्या पुलाची लांबी कोणीतरी चुकीची छापली होती. अशी चूक दुरुस्त केल्याशिवाय माझा सकाळचा चहा संपत नाही, हे मला ओळखणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. ओळखणारे आता फारसे उरलेले नाहीत, हा भाग वेगळा. रूथ म्हणाली, "काका, पप्पा गेले. झोपेतच गेले." मी विचारले, "किती वाजता?" ती म्हणाली, "ते कुणी पाहिलं नाही, काका..." फोन ठेवल्यावर मी वर्तमानपत्राची घडी केली. पुलाची लांबी त्या दिवशी चुकीचीच राहिली.

दानियल आढाव, म्हणजे रूथचे पप्पा, आमच्या नगरपालिकेत कर विभागाचा प्रमुख होता आणि मी त्याच्या हाताखाली कर निरीक्षक. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शिरूर तालुक्यातले वाचक ते ओळखतील आणि इतरांना त्याची गरज नाही. शोकसभेत सर्वांनी त्याला 'ते' म्हटले. मी 'तो' म्हणणार आहे. मिशनच्या शाळेत ज्याच्याशी एका बाकावर बसून मी पाटीवरच्या उत्तरांवरून भांडलो, त्याला आज आदरार्थी बहुवचन लावले तर पहिला तोच हसेल. त्याचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, माझे वडील इनामगावच्या बाजूला नदीकाठाने मेंढरे चारत. दोघांच्याही घराण्यांत सरकारी खुर्चीवर बसलेले आम्ही पहिलेच. कचेरीत लोकांसमोर तो मला "मदने, तुम्ही" म्हणे आणि दार बंद झाले की "अरे मदने". या दोन हाकांमधले अंतर त्याने तीस वर्षांत एकदाच चुकवले.

त्याला जाऊन पाच आठवडे झाले. एवढ्या काळात त्याच्याविषयी तीन गोष्टी बोलल्या आणि छापल्या गेल्या. तिन्ही खोट्या आहेत. पहिली एका स्थानिक पत्राने छापली, की आढावसाहेबांची दृष्टी उतारवयात अधू झाल्याने घरांच्या मोजणीत चूक झाली आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्या वेळी तो पन्नाशीच्या आसपास होता आणि दोनशे पावलांवरून एसटीची पाटी वाचत असे. दुसरी गोष्ट एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात कित्येक वर्षे चालू आहे, की चाळमालकांनी त्याचे हात ओले केले होते. ती सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्याच्या घरात पाऊल टाकलेले नाही. टाकले असते तर पाहुण्याला बसायला त्याच्याकडे दोनच खुर्च्या होत्या आणि त्यांतली एक माझी होती, हे त्यांना कळले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत गोड आहे आणि म्हणून सर्वांत वाईट. मिशनच्या सभागृहात शोकसभा झाली. आमचे माजी नगराध्यक्ष बोलायला उभे राहिले. आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, एवढे मी मान्य करतो. ते म्हणाले, "आढावसाहेब म्हंजी देवमाणूस. गरिबाच्या घराला टेप लावताना त्यांचा हात आपोआप आखडायचा. जाणूनबुजून फूटभर माप कमी धरलं, आन् त्यापायी स्वतःची नोकरी घालवली. पण कुणाकडं तक्रार केली न्हाई." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे खोटे आहे." सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माजी नगराध्यक्षांनी अतिशय सभ्यपणे हात पुढे केला. "मग खरं काय ते तुम्ही सांगा, मदनेमामा. तुमच्याइतकं कोण त्यांच्या जवळ होतं?"

मी म्हणालो, "आज वेळ नाही." आणि खाली बसलो.

ते अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करण्यासाठी हा लेख आहे.

नव्वदच्या दशकात कारेगावच्या बाजूला कारखाने आले आणि आमचे गाव फुगू लागले. माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. एका ओळीला एक नळ, कोपऱ्यात दोन संडास, आणि प्रत्येक खोलीत बीडचे, लातूरचे, बिहारचे कामगार. त्यांना पाणी हवे, दिवे हवेत, गटारे हवीत. नगरपालिकेचा सगळा डोलारा मात्र जकातीवर उभा होता. गावात शिरणाऱ्या ट्रकने नाक्यावर थांबून जे भरले, त्यावर झाडूवाल्यांचा पगार होई आणि पाण्याची मोटर चाले. पुढे सरकारने नगरपालिकांची जकात बंद केली. नाक्यावरचा बांबू कायमचा उचलला गेला त्या दिवशी ट्रकवाल्यांनी नारळ फोडले आणि आम्हालाही खोबरे दिले. आढाव खोबरे हातात धरून बांबूच्या रिकाम्या खुंट्यांकडे पाहत उभा होता. माझ्या कानाशी म्हणाला, "अरे मदने, आजवर हे गाव दुसऱ्याच्या ट्रकवर चाललं. आता स्वतःच्या घरांवर चालवावं लागणार." जकातीच्या बदल्यात सरकारी अनुदान येणार होते. येतही असे, पण त्याच्या सवडीने. तोवर मोटर जळाली तर जळालेली राहायची.

नगरपालिकेने पुढे माळावरून जी बस सुरू केली, ती नगराध्यक्षांची कल्पना होती असे आता सांगतात, कारण बसला हार घालतानाचे छायाचित्र त्यांचे आहे. हार त्यांचा होता. कल्पना शेवंता नावाच्या एका बाईच्या तक्रारीतून निघाली. ती माळावरच्या खोल्यांत राहायची आणि एका कारखान्यात पॅकिंगचे काम करायची. कारखान्याची गाडी हमरस्त्यावरच्या एसटी स्टँडवर येई आणि माळापासून तिथवर बायकांना रस्त्याच्या कडेने चालत यावे लागे. ती कचेरीत आली, टेबलावर डबा ठेवला आणि सरळ आढावला म्हणाली, "साहेब, पाणी उशिरा आलं तर मी हंडा भरून ठेवीन. पण रोज सकाळी त्या ट्रकांच्या अंगाला अंग लावून चालायचं म्हंजी... एक दिस आमच्यातली कुणीतरी जाणार बघा. मग तुम्ही पंचनामा करायला येणार. त्यापरीस आधीच या की."

आढावने विचारले, "तुमच्या खोलीची घरपट्टी कोण भरतं?"

"मालक. म्हणतो, भाड्यातच धरलीय."

"तुमच्या ओळीत खोल्या किती?"

"चौदा."

त्याने मला रजिस्टर काढायला सांगितले. त्या जागेसमोर आमच्याच पूर्वसुरीच्या सुंदर अक्षरात नोंद होती, 'गुरांचा गोठा, एक.' आढावने ती ओळ बोटाने दाखवली आणि लोकांसमोर असूनही 'तुम्ही' विसरला. "या गोठ्यात चौदा कुटुंबं राहतात रे, मदने." नंतर तो ज्या कामाला लागला त्यात कनवाळूपणा शून्य होता. सगळ्या गावाची घरे नव्याने मोजायची, जे जसे आहे तसे लिहायचे, आणि वाढलेल्या घरपट्टीतून सर्वांत आधी माळ ते स्टँड अशी भाड्याची बस चालवायची. तसा ठराव त्याने सभेकडून करून घेतला. एवढेच नव्हे, तर लोकांना आपला पैसा कुठे जातो ते डोळ्यांना दिसावे म्हणून बस आधी सुरू करायला लावली आणि मोजणी नंतर. त्याच्या उभ्या आयुष्यातले एवढे एकच धाडस मला माहीत आहे. गाव त्या बसला 'आढावची बस' म्हणू लागले. ती वेळेवर निघे, माळावरून दवाखाना, मंडई आणि मग स्टँड. बायका खिडकीशी बसून शेंगा सोलत जात आणि टरफले पिशवीत ठेवत, कारण टरफले खाली टाकलेली आढावला चालत नाहीत असे शेवंताने परस्पर जाहीर केले होते.

आता टेपविषयी. कचेरीतली टेप कापडी होती, चामड्याच्या गोल डबीतली, आणि तिचा पहिला फूट कडीसकट नाहीसा झालेला होता. म्हणजे ती सुरूच एकाच्या आकड्यापासून होई. हा फूट मदनेच्या शेळीने खाल्ला, अशी गोष्ट आढावने गावभर केली होती. मी ती वर्षानुवर्षे खोडून काढत आलो. टेप ट्रकच्या चाकाखाली सापडली, असे माझे लेखी म्हणणे कचेरीत आहे. ते असो. टेप तुटकी असली तरी माप बरोबर येई, कारण आमची एक रीत ठरलेली होती. मी सुरुवातीचे टोक भिंतीला लावून बसायचो, तो डबी उलगडत दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचा. "लावली?" "लावली." "अकरा." मग मी नसलेला फूट वजा करून मोठ्याने म्हणायचो, "दहा," आणि वहीत दहा लिहायचो. वाचणे त्याचे, वजा करणे माझे. जुन्या गावातल्या एका म्हातारीने हे ऐकले आणि म्हणाली, "साहेब म्हणत्यात अकरा आन् तू लिवतो धा. लई बेस हाय. माझ्या घराला दोन वजा कर की रं." आढावने तिला टेपचे तुटलेले टोक दाखवले. "आजी, हा फूट मदनेच्या शेळीच्या पोटात आहे. तुमचा नाही कमी होणार." त्याने सर्वांत आधी स्वतःचे घर मोजले होते आणि परसातल्या मोरीची भिंतसुद्धा सोडली नव्हती. ज्याचा हात आखडायचा म्हणतात, तो हा माणूस.

जुने गाव मोजून झाले आणि माळाकडचा भाग सुरू व्हायचा, तेवढ्यात नवी टेप आली. तिच्यासाठी आढावने कितीदा लिहिले होते. पिवळ्या डबीतली पोलादी टेप, टोकाला चकचकीत कडी, शून्यापासून सुरू होणारी. त्याने ती लहान मुलासारखी दोनदा ओढून पाहिली आणि आम्ही कामाला लागलो. "लावली?" "लावली." "दहा." मी म्हणालो, "नऊ," आणि नऊ लिहिले.

चौदा वर्षांची सवय होती. त्याने दहा म्हटले, मी नऊ म्हटले, दोघांच्याही कानांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्याचे लक्ष पुढच्या भिंतीकडे असे आणि माझ्या वहीवर त्याचा विश्वास होता. नव्या कारकुनांना तो माझी वही दाखवून सांगे, "मदनेंची वही बघा. एक खाडाखोड सापडली तर मला येऊन सांगा." हे वाक्य मला किती प्रिय होते ते लिहायला आज लाज वाटते. पण प्रिय होते.

माळावरचा अर्धा भाग आणि मिशनच्या आवारातली घरे मोजून झाल्यावर एका रविवारी मी घरी पक्की यादी उतरवत होतो. मिशनची घरे एकाच साच्यातली, दहा बाय बाराच्या खोल्या. त्यांतल्या एका घरात मी लहानपणी आढावबरोबर अभ्यास केला होता. माझ्या वहीत त्या नऊ बाय अकरा होत्या... मी पेन खाली ठेवले. बायको तेव्हा होती. तिने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." दोन्ही बाजूंनी एकेक फूट म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा हवेत गेला होता, आणि तोही गावाच्या एकाच भागात. जुन्या गावाला पुरे माप, नव्याला तोकडे.

सोमवारी सकाळी मी त्याला सांगणार होतो. हे माझे म्हणणे कोणी खरे मानो वा न मानो. पण तो मला दारातच भेटला आणि म्हणाला, "यादी लवकर लागली पाहिजे, बसवाल्याचा करार तिच्यावर आहे. तुझी वही आहे म्हणून मी निश्चिंत आहे, मदने." मी वही काखेत धरली आणि त्याच्या मागोमाग माळाकडे गेलो. "लावली?" "लावली." "दहा." एक क्षण मी थांबलो. आता दहा लिहिले तर आधीचे नऊ उघडे पडणार होते. मी म्हणालो, "नऊ." त्या क्षणापर्यंत ती चूक होती. त्यानंतर ती चूक राहिली नाही.

यादी लागली. त्याने प्रत्येक पानावर सही केली. हरकतींच्या सुनावणीला जुन्या गावातला एक शिंपी उभा राहिला. बबन त्याचे नाव. त्याची बहीण माळावर दिली होती आणि दोघांची घरे एकाच गवंड्याने एकाच मापाची बांधली होती. गळ्यातली टेप काढून त्याने ती अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, माझी टेप दीड मीटरची हाय, पण खरी हाय. माझी खोली बी दहा, बहिणीची बी दहा. तुमच्या यादीत तिची नऊ कशी? का दाजीनं एक फूट विकला?" सगळे हसले. आढाव हसला नाही. त्याने परवानगी मागितली, पोलादी टेप घेतली आणि शिपायाला बरोबर घेऊन समोरच्याच दालनाची एक भिंत मोजली. ती भिंत आम्ही जुन्या टेपने पूर्वी मोजलेली होती. तेव्हा वहीत लिहिलेला आकडाच आता टेपवर आला. टेपमध्ये दोष नाही, हे त्याला तिथेच कळले. मग दोष कुठे होता, हे कळायला त्याच्यासारख्या माणसाला किती वेळ लागणार? मी कपाटाला टेकून उभा होतो, वही काखेत. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "यादीवर सही माझी आहे. चूक माझी आहे."

माझे नाव कोणी विचारले नाही आणि मी ते सांगितले नाही.

यादी रद्द झाली, जुने रजिस्टर परत आले आणि त्याच्याबरोबर चौदा खोल्यांचा गोठाही. बस तोट्यात होती म्हणून बंद पडली, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की ती नफ्यासाठी कधी नव्हतीच. ती गावाच्या भिंतींवर चालणार होती, आणि त्या भिंती मी आखूड करून ठेवल्या होत्या. शेवटच्या फेरीनंतर शेवंता कचेरीत आली. आढाव तिच्यासाठी उठून उभा राहिला. ती म्हणाली, "बसा साहेब. आमाला चालायची सवय हाय. तुमी जिवाला लावून घेऊ नका." माझ्याकडे वळून तिने नमस्कार केला. माझे घर हमरस्त्याला लागून आहे. त्या बायका डबे घेऊन एकामागोमाग एक, साडीचा सोगा आवरत, रस्त्याच्या कडेच्या मातीतून जाताना रोज सकाळी मला दिसत. आजही दिसतात. बायका बदलल्या, रस्ता रुंद झाला, कडेची मातीची पट्टी तेवढी अरुंद झाली.

मिशनच्या आवारातली घरेही तोकडी निघाली होती, तेव्हा आपल्या माणसांना सांभाळले अशी कुजबुज झालीच. आढावने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दौंडला गेला. रूथचा नवरा तिथे रेल्वेत होता. जाताना त्याने टेबलाची किल्ली माझ्या हातात दिली, कारण त्याची खुर्ची मला मिळाली होती. "वही सांभाळ," एवढेच म्हणाला. मी ते साधे वाक्य समजलो. निदान तसे समजायचे ठरवले.

पुढे वर्षातून दोन-तीनदा मी दौंडला जाई. इनामगावावरून जाणारी एसटी मला माझ्या वडिलांच्या चराऊ माळावरून नेई. प्रत्येक वेळी मी ठरवी, या खेपेला बोलायचे. पोहोचलो की रूथ चहा करी, आढावने रेल्वेच्या वेळापत्रकातली एखादी चूक काढून ठेवलेली असे, आणि आमचे भांडण सुरू होई. माझी बायको गेल्यानंतर तर वर्षातून माझा आवाज खऱ्या अर्थाने चढे तो त्याच अंगणात. मुलगा पुण्याला असतो. तो माझे म्हणणे लगेच मान्य करतो. माझ्याशी भांडणारा एकच माणूस होता.

शेवटची भेट दोन महिन्यांपूर्वीची. तो बारीक झाला होता, पण अंगणात टोमॅटोचा वाफा करायचा घाट घातला होता. त्याने आतून चामड्याची गोल डबी आणली. मी ओळखली. निरुपयोगी म्हणून काढून टाकलेली आमची जुनी टेप तो कधी घेऊन गेला, मला ठाऊक नव्हते. "धर," तो म्हणाला. मी कुंपणाच्या खांबाशी गुडघे टेकले. आता गुडघे सहज टेकत नाहीत. "लावली?" "लावली." तो काठी टेकत, डबी उलगडत पलीकडे गेला, वाकून आकडा वाचला आणि म्हणाला, "अकरा."

टेपच्या दुसऱ्या टोकाला तो वाट पाहत उभा होता. रेल्वेची एक शिट्टी झाली, मालगाडीचे डबे एकामागोमाग एक खडखडत गेले, तरी तो उभाच. शेवटी मी म्हणालो, "दहा."

"बरोबर," तो म्हणाला. आणि डबीची किल्ली फिरवत, टेप गुंडाळत हळूहळू माझ्याजवळ आला. "ही जुनी आहे, मदने. हिला एक वजा बरोबर आहे."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ती क्षमा होती असेही मी म्हणणार नाही. ते ठरवण्याचा हक्क मला नाही आणि शोकसभेतल्या कोणालाही नाही. त्याने मला एक जागा करून दिली होती, मी बोलावे म्हणून. मी खांबाला धरून उठलो आणि म्हणालो, "एसटीची वेळ झाली." तो मला स्टँडवर सोडायला आला नाही. अंगणात, वाफ्याच्या कडेला उभा राहून त्याने हात वर केला.

दफन दौंडला झाले. कबर खणणाऱ्याला मी विचारले, लांबी कशाने मोजलीस. त्याने फावड्याचा दांडा दाखवला. मला ते आवडले नाही, पण आढाव असता तर त्याने दांडा आधी मोजून घेतला असता, एवढे मनात येऊन मी बाजूला झालो. रूथने मला एक कापडी पिशवी दिली. "पप्पा म्हणाले होते, ही काकांची आहे." आत चामड्याची गोल डबी होती.

तेव्हा माजी नगराध्यक्षांना आणि बाकी सर्वांना माझे सांगणे असे. दानियल आढावने कोणाचेही माप कमी धरले नाही, गरिबाचे नाही आणि श्रीमंताचेही नाही. त्याने वाचलेला प्रत्येक आकडा खरा होता. वजा मी करत होतो. आधी चुकून आणि नंतर जाणूनबुजून, माझ्या वहीत खाडाखोड दिसू नये म्हणून. शिंप्याचा राग खरा होता, बायकांचे चालणे खरे आहे. त्याला देवमाणूस म्हणणे म्हणजे त्याने न केलेली लबाडी त्याच्या नावावर चढवणे आहे, आणि ती मी चढू देणार नाही. आणि लिहितोच आहे तर हेही लिहितो, शेळी आमचीच होती.

काल मी ती टेप उघडली. घरात मी एकटा असतो, खोलीची लांबी मला पाठ आहे, मोजण्याचे काही कारण नव्हते. तुटलेल्या टोकाला कडी नाही, त्यामुळे ती खिळ्याला अडकत नाही. तिला धरायला हातच लागतो. मी टोकावर तांब्या ठेवला. तांब्या कलंडला. मग जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला, तेव्हा ती थांबली. मी डबी उलगडत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो, चष्मा सारखा केला आणि त्याचा आकडा मोठ्याने वाचला, "बारा." मग तिथून चालत माझ्या टोकाशी आलो, गुडघे टेकले, आणि अकरा लिहिले.